बर्फाविना स्की शिकता येते का?

गेल्या अंकात कोपनहेगन येथील आमागेर बाके या प्रकल्पाविषयी एक छोटी नोंद छापली होती. कचरा जाळून वीज आणि उष्णता निर्माण करणाऱ्या या प्रकल्पाच्या उतरत्या छतावर प्लास्टिकचे आच्छादन घातलेले असून 2019 पासून तेथे लोक भर उन्हाळ्यातही स्की आणि स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर बांधून घसरणे) करतात, एवढाच त्या नोंदीचा आशय होता. तिच्यावर नागपूर आणि परिसरातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची असून काही वर्षांपासून इनलाइन स्केटिंग करते. येत्या हिवाळ्यात तिला गुलमर्गला स्कीच्या शिबिराला पाठवण्याचा विचार आहे. आपल्या नोंदीतला प्लास्टिकचा उतार म्हणजे नेमके काय? त्यावर बर्फासारखे घसरता कसे येते? आणि स्केटिंगचा तिला उपयोग होईल का?
एक पालक, प्रतापनगर

उत्तर : स्की करण्यासाठी पृष्ठभागाकडून दोन गोष्टी हव्या असतात. घसरता यावे इतके घर्षण कमी असावे आणि वळताना, थांबताना स्कीच्या कडेला पकड मिळावी. या दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जाणाऱ्या आहेत. हिमावर त्यांचा मेळ निसर्गच घालतो. स्कीचा तळ सरकताना घर्षणाने जी उष्णता निर्माण होते, तिने हिमकणांचा अगदी वरचा थर किंचित वितळतो आणि पाण्याच्या त्या अतिशय पातळ पापुद्र्यावरून स्की पुढे जाते. हिमावरील घर्षणाचा गुणांक 0.05 धरला, तर जेमतेम 3 अंशांच्या उतारावरही माणूस घसरू लागतो. त्याच वेळी स्कीच्या दोन्ही बाजूंना बसवलेली पोलादी कड हिमात रुतते आणि वळण घेता येते.

प्लास्टिकच्या उतारावर वितळण्यासारखे काही नसते, त्यामुळे दुसरी युक्ती करावी लागते. या क्षेत्रातला एक जुना आणि खूप वापरला गेलेला पृष्ठभाग म्हणजे डेंडिक्स. वेल्समधील चेपस्टो येथील, मुळात औद्योगिक ब्रश तयार करणाऱ्या कारखान्यातून तो आला आणि त्याचे रूपही ब्रशाचेच आहे. धातूच्या अरुंद पट्टीत पीव्हीसीचे ताठ केस घट्ट दाबून बसवलेले असतात आणि अशा पट्ट्या एकमेकींना जोडून त्यांची जाळी केलेली असते. जाळीच्या प्रत्येक घराच्या कडेने केस उभे असतात आणि मधली जागा मोकळी असते. स्की सपाट ठेवली की तिचा तळ फक्त केसांच्या टोकांना टेकतो, म्हणून घर्षण कमी राहते. ती कडेवर कलवली की कड केसांमध्ये शिरते, केस वाकतात आणि उलट दाब देतात. ही झाली पकड. उतारावर ठरावीक अंतरावर बारीक फवारे बसवलेले असतात आणि केस ओले राहतील इतके पाणी ते सोडत राहतात. सुक्या ब्रशावर स्की अडखळते आणि तिचा तळ इतका तापतो की त्याचे नुकसान होते. स्कीचा तळ पॉलिइथिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो, आणि म्हणूनच अशा उतारांवर आपली नवी कोरी स्की कोणी वापरत नाही.

नंतर आलेल्या पृष्ठभागांनी ही जाळी टाळली. इटलीतील नेव्हेप्लास्ट या कंपनीच्या फरशांवर लवचिक प्लास्टिकचे छोटे दांडे वर्तुळाकार रचनेत उभे असतात. कोपनहेगनच्या छतावर तेच आहे. इंग्लंडमध्ये विकसित झालेल्या स्नोफ्लेक्समध्ये वर दाट तंतू आणि त्यांच्याखाली धक्का शोषणारा मऊ थर असतो, त्यामुळे उड्या मारून उतरणाऱ्यांची त्याला पसंती असते. अमेरिकेतील लिंचबर्ग येथे एका विद्यापीठाच्या डोंगरावर 2009 मध्ये असा उतार सुरू झाला.

ही कल्पना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. 1927 मध्ये व्हिएन्नातील एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाच्या दालनात लाकडी उतार उभारून, त्यावर काथ्याच्या चटया अंथरून, वर सोड्यापासून केलेले कृत्रिम हिम पसरले होते. तो प्रयोग फार दिवस चालला नाही. टिकाऊ यश मिळाले ते 1954 मध्ये, पूर्व जर्मनीचे प्रशिक्षक हान्स रेन्नर यांना. स्की जंपिंगच्या, म्हणजे उतारावरून वेगाने येऊन हवेत लांब झेप घेण्याच्या खेळातील खेळाडूंना उन्हाळ्यातही सराव करता यावा म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या तंतूंच्या चटया उताराला शाकारल्या. आज त्या खेळात 1994 पासून उन्हाळी ग्रां प्री मालिका भरते आणि ती सारी अशाच चटयांवर होते. 1960 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ हिलएंड येथे मोठा ब्रशाचा उतार झाला आणि त्यानंतर ब्रिटनभर असे उतार पसरले.

आता स्केटिंगविषयी. आपल्या मुलीला त्याचा निश्चित उपयोग होईल. तोल, गुडघे वाकवून पुढे झुकण्याची सवय, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे आणि वेगाची भीती मोडणे या गोष्टी तिच्या अंगवळणी पडलेल्या असतील. मात्र एक फरक तिला आधीच समजावून सांगावा. स्केटची चाके आडवी घसरत नाहीत आणि स्कीला मात्र आडवे घसरवावेच लागते, कारण वेग त्यानेच आवरतो. स्केटिंग येणारी मुले पहिल्या दिवशी बिनधास्त सुटतात आणि थांबण्याच्या वेळी गोंधळतात, ती यामुळेच. दोन्ही स्कींची टोके जवळ आणि मागची टोके दूर ठेवून, आतल्या कडा दाबत थांबण्याची जी पद्धत आहे, तिला स्नोप्लाउ म्हणतात. गुलमर्गच्या प्रशिक्षकांनी पहिला सगळा वेळ त्यातच घालवला, तरी तो वाया गेला असे आपण समजू नये.

प्रश्न : मी शाळेत खेळ शिकवतो. प्लास्टिकवर शिकलेला खेळाडू खऱ्या बर्फावर टिकतो का? की ही केवळ करमणूक आहे?
एक शिक्षक, हिंगणा

उत्तर : टिकतो, आणि जगातल्या अव्वल खेळाडूंना हरवतोही. इंग्लंडचे डेव्ह रायडिंग लँकेशायरमधील पेंडल येथल्या प्लास्टिकच्या उतारावर स्की शिकले. जानेवारी 2022 मध्ये ऑस्ट्रियातील कित्झब्यूएल येथे त्यांनी स्लालम, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळणे घेत उतरण्याची शर्यत जिंकली, तेव्हा अल्पाइन स्कीच्या विश्वचषक मालिकेतील शर्यत जिंकणारे ते पहिले ब्रिटिश खेळाडू ठरले. आल्प्सच्या कुशीत वाढलेल्या खेळाडूंना मागे टाकून मिळवलेला हा विजय आहे. स्नोबोर्डपटू जेनी जोन्स यांची सुरुवातही सॉमरसेटमधील अशाच कृत्रिम उतारावर झाली आणि 2014 मध्ये सोची ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले.

याचे कारण खेळाच्या तंत्रातच आहे. प्लास्टिक हिमाइतके क्षमाशील नाही. हिमावर थोडी चुकीची कड लावली तरी निभावून जाते. ब्रशावर वजन मागे गेले की स्की लगेच हातची सुटते आणि कड अर्धवट लावली तर वळणच लागत नाही. त्यातच उतार लहान असतो, त्यामुळे एकच वळण दिवसात कितीतरी वेळा घोटता येते. मोठ्या डोंगरावर लिफ्टच्या रांगेत आणि वर जाण्यात जो वेळ जातो, तो येथे वाचतो. आपल्याकडे संगीत शिकणाऱ्याने एकाच पलट्यावर महिनोन्‌महिने बसावे, तशी ही घोटणी असते. जे येथे शिकता येत नाही तेही सांगतो. खोल भुसभुशीत हिमातून जाणे, धुके आणि वारा, थंडीत शरीर सांभाळणे, हिमस्खलनाची चाहूल ओळखणे, यांपैकी काहीही प्लास्टिक शिकवत नाही.

आपल्या देशातही पर्यायी सरावाची उदाहरणे आहेत. सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारे ल्यूजपटू (ल्यूज म्हणजे बर्फाच्या धावपट्टीवरून घसरगाडीवर उताणे पडून उतरण्याचा खेळ) शिवा केशवन हिमालयातील रस्त्यांवर चाके लावलेल्या घसरगाडीवर सराव करत. देशात योग्य धावपट्टी नव्हती, म्हणून त्यांनी खेळ सोडून दिला नाही.

प्रश्न : मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. नागपुरात असा उतार होऊ शकेल का? आपल्या उन्हाळ्यात प्लास्टिक टिकेल का? भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगावर कोपनहेगनसारखे काही करता येईल, असे मला वाटते.
एक वाचक, धंतोली

उत्तर : आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

प्रथम आकार पाहू. नवशिक्यांसाठी 60 मीटर लांब, 12 मीटर रुंद आणि 10 अंश उताराची पट्टी पुरेशी होते. तिची उंची साधारण साडेदहा मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. एवढा भराव नागपुरात अशक्य नाही, पण तो काळ्या कापसाच्या मातीवर थेट घालू नये, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती माती वरच्या फरशांचे सांधे उघडेल आणि स्कीचे टोक सांध्यात अडकणे हा या खेळातला गंभीर अपघात आहे. मुरुमाचा थरावर थर दाबलेला भराव, किंवा आधीच असलेला खडकाळ उतार, हाच योग्य पाया होय.

उन्हाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या वर जातो, पण ते सावलीतले तापमान असते. उन्हातला प्लास्टिकचा पृष्ठभाग त्यापेक्षा कितीतरी तापतो. प्लास्टिक तेवढ्याने वितळत नाही, मात्र ते मऊ पडते, केसांचा ताठपणा जातो आणि त्याबरोबर स्कीची पकडही जाते. शिवाय अतिनील किरणांनी ते वर्षानुवर्षे ठिसूळ होत जाते. अशा फरशांमध्ये या किरणांना रोधणारी द्रव्ये मिसळलेली असतात, तरीही ब्रिटनच्या ढगाळ हवेत मिळणारे आयुष्य विदर्भात मिळेल असे कोणी गृहीत धरू नये. येथे फिकट रंगाच्या फरशा, वर छप्पर किंवा निदान सावलीची जाळी, आणि उन्हाळ्यात फक्त पहाटे व संध्याकाळनंतरचे वर्ग, अशी व्यवस्था लागेल. वाळलेल्या गवताला वणवा लागण्याचे दिवसही तेच असतात. इंग्लंडमधील शेफील्ड येथे 1988 मध्ये सुरू झालेले मोठे स्की संकुल 2012 च्या आगीत उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा उभे राहिले नाही. उताराभोवती गवतविरहित पट्टा आणि पाण्याची स्वतंत्र अग्निशमन नळी या गोष्टी नकाशातच असायला हव्यात.

आता पाणी. आधी सांगितलेल्या पट्टीचे क्षेत्रफळ 720 चौरस मीटर होते. तिच्यावर 1 मिलिमीटर पाणी पसरायचे तर 720 लिटर लागतात. तासाला 2 मिलिमीटर या हिशेबाने चार तासांचे वर्ग घेतले, तर दिवसाला 5,760 लिटर पाणी फवारावे लागेल. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्यांसमोर असा हिशेब मांडताना मलाही संकोच वाटतो. मात्र हे सारे पाणी संपत नाही. जे वाफ होऊन जाते तेवढेच खरे खर्ची पडते, उरलेले पायथ्याच्या चरातून टाकीत आणून, गाळून पुन्हा वर पाठवता येते. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडीच्या वीज केंद्राला पुरवण्याचा अनुभव या शहराजवळ आहे, म्हणून ते पाणी येथेही वापरावे अशी सूचना आणखी एका पत्रात आली आहे. तिच्याशी मी सहमत नाही. फवाऱ्याचे बारीक तुषार मुलांच्या श्वासातून आत जातात. पूर्ण निर्जंतुकीकरण आणि नियमित तपासणी यांची हमी असल्याखेरीज ते पाणी फवारू नये. छपरावरचे पावसाचे पाणी साठवणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

नागपुरात या खेळाचा खरा हंगाम पावसाळाच ठरेल, आणि ही गोष्ट कोणत्याही पत्रात आलेली नाही. ओला ब्रश हा चांगला ब्रश असतो. जुलै ते सप्टेंबर या काळात आकाशातूनच पाणी मिळते, हवा दमट असल्याने ते लवकर उडत नाही आणि ऊनही कमी असते. इतर मैदाने चिखलाने बंद असतात, तेव्हा हा उतार सर्वांत चांगला चालेल. विजा कडाडत असताना मात्र तो रिकामा करायलाच हवा. त्याखालोखाल चांगले दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. असा उतार वर्षभर चालवता येतो हे खरे असले, तरी आपल्याकडे एप्रिल आणि मे हे दुरुस्तीचे महिने मानावेत, असे माझे मत आहे.

भांडेवाडीविषयी. कोपनहेगनचा उतार कचऱ्याच्या ढिगावर नसून कचरा जाळणाऱ्या इमारतीच्या भक्कम छतावर आहे. जुना ढीग वर्षानुवर्षे खचत राहतो आणि त्यातून मिथेन निघतो. ढिगाचे शास्त्रीय पद्धतीने आच्छादन होऊन, खचणे थांबल्याची मोजणी हाती आल्याशिवाय त्यावर मुलांना नेण्याचा विचार करू नये.

प्रश्न : त्यापेक्षा दुबईसारखे बर्फाचे बंदिस्त दालनच का करू नये?
एक वाचक, कामठी

उत्तर : स्की दुबई हे 2005 मध्ये सुरू झालेले संकुल 22,500 चौरस मीटरचे आहे, त्यातील सर्वांत लांब उतार 400 मीटरचा आहे आणि आतले तापमान दिवसाही शून्याखाली 1 ते 2 अंश ठेवले जाते. तेथे हिम खरे असते, म्हणजे गारठवलेल्या हवेत पाण्याचे तुषार सोडून तयार केलेले, आणि शिकणाऱ्याला त्याचा फायदा होतो यात शंका नाही. पण बाहेर 45 अंश आणि आत उणे 2 अंश हा फरक रात्रंदिवस यंत्रांनी राखावा लागतो. ग्राहक नसले तरी यंत्रे थांबवता येत नाहीत, कारण थांबली की हिम गेले. प्लास्टिकच्या उताराचे फवारे बंद केले की खर्च थांबतो. जपानमध्ये टोकियोजवळ 1993 मध्ये उभारलेले असे एक भव्य दालन दहा वर्षेही न चालता 2002 मध्ये बंद पडले. खेळ शिकवणे हा हेतू असेल तर लहान ब्रशाचा उतारच नागपूरला परवडेल, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मला स्नोबोर्ड शिकायचा आहे. प्लास्टिकवर पडल्यास किती लागते?
एक महाविद्यालयीन विद्यार्थी, वर्धा रोड

उत्तर : हिमावर पडण्यापेक्षा जास्त लागते. उघड्या त्वचेवर ब्रशाचे केस घासले की भाजल्यासारखा ओरखडा येतो, म्हणून कितीही उकडत असले तरी पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणि पूर्ण लांबीची पँट घालावीच लागते. जाळीच्या उतारावरची खास दुखापत म्हणजे अंगठ्याची. पडताना हात टेकला, अंगठा जाळीच्या घरात शिरला आणि शरीर पुढे घसरत राहिले, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध फाटतो किंवा हाड मोडते. हिलएंडच्या उतारावर ती इतकी आढळली की डॉक्टरांमध्ये ‘हिलएंड थम्ब’ हे नावच रूढ झाले. यावर उपाय साधा आहे. जाड हातमोजे घालावेत आणि पडताना बोटे पसरण्याऐवजी अंगठा आत घेऊन मूठ मिटावी. ही सवय उतारावर जाण्याआधी गादीवर पडून पडून लावून घ्यावी.

स्नोबोर्ड शिकताना माणूस बहुधा मागे बसकण मारतो किंवा पुढे हातांवर आपटतो. मनगटाचे पट्टे, हेल्मेट, गुडघ्यांची आणि माकडहाडाची गादी, एवढे आपण आधी घ्यावे आणि बोर्ड भाड्याने वापरावा. शक्य असल्यास पहिली शिकवणी मऊ थर असलेल्या पृष्ठभागावर घ्यावी. बोर्डाची कड ब्रशात चुकीच्या बाजूने रुतली तर पडणे फार अचानक होते.

प्रश्न : या ब्रशाचे तुटलेले केस शेवटी नाल्यातच जाणार ना?
एक वाचिका, गोरेवाडा

उत्तर : होय, चरात गाळणी नसेल तर जातील. झीज होतेच. म्हणून पाणी परत फिरवण्याच्या टाकीआधी बारीक जाळीचा गाळ-खड्डा हवा आणि त्यातला गाळ ठरावीक दिवशी काढून वेगळा ठेवायला हवा. कोणतीही संस्था असा उतार उभारण्याचा प्रस्ताव आणेल, तेव्हा हा खड्डा नकाशात आहे का, हे आपल्यासारख्या वाचकांनी अवश्य विचारावे.

प्रश्न : उतार होईल तेव्हा होईल. यंदाच आमच्या दोन्ही मुलांना शिकवायचे असेल तर काय करावे?
एक कुटुंब, महाल

उत्तर : गुलमर्ग येथे केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्की आणि गिर्यारोहण संस्था आहे, आणि उत्तराखंडात औली येथे गढवाल मंडल विकास निगमाचे वर्ग असतात. प्रवासाची तारीख ठरवताना हिमाचा भरवसा धरू नये. 2025 मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत पुरेसे हिम नसल्यामुळे पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. तिकिटे बदलता येतील अशीच काढावीत.

तोपर्यंत घरी करण्यासारखे बरेच आहे. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखे थांबण्याचा व्यायाम, एका पायावर तोल, आणि रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा त्या सावकाश, गुडघ्यांवर ताबा ठेवून उतरणे, यांनी मांड्यांना स्कीला लागणारी ताकद येते. स्कीचे बूट कडक असतात आणि त्यांत नडगी बुटाच्या जिभेवर पुढे टेकून उभे राहावे लागते. मुलांना शिबिरात बूट मिळतील तेव्हा आत एकच पातळ लोकरी मोजा घालायला सांगा, दोन मोजे नकोत. टाच वर उचलली जात असेल किंवा बोटे दुखत असतील, तर लाजू नये, त्याच क्षणी माप बदलून मागावे.